गार्डच्या खिशातलं स्विस घड्याळ

भारतीय रेल्वेच्या जनरल रूल्समध्ये एक साधा नियम आहे. गाडी सुरुवातीच्या किंवा कर्मचारी बदलायच्या स्टेशनातून निघण्यापूर्वी गार्डनं आपलं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी लावून घ्यायचं, मग ती वेळ ड्रायव्हरला सांगायची आणि ड्रायव्हरनं आपलं घड्याळ तिच्यावर लावायचं. त्याच नियमावलीत असंही सांगितलं आहे की, सरकारनं ठरवलेली प्रमाणवेळ रोज 16 वाजेपर्यंत सगळ्या मुख्य स्टेशनांना कळवली गेली पाहिजे. आज गार्डला ट्रेन मॅनेजर आणि ड्रायव्हरला लोको पायलट म्हणतात, पण वेळ एका हातातून दुसऱ्या हातात देण्याची ही रीत तशीच आहे.

मला हा नियम फार आवडतो, कारण आशियातल्या रेल्वेसाठी स्वित्झर्लंडमध्ये बनलेल्या घड्याळांची सगळी गोष्ट त्यात दडलेली आहे. आपण समजतो की रेल्वेचं घड्याळ म्हणजे सेकंदालाही न चुकणारं यंत्र. अमेरिकेत ते तसं असावं लागे. आपल्याकडे त्याचं काम वेगळं होतं, आणि ते वेगळं काम स्विस कारागिरांना इतरांपेक्षा चांगलं उमगलं.

आधी अमेरिकेचं पाहू. तिथल्या लांबच लांब एकेरी मार्गांवर गाड्या बऱ्याच अंशी वेळापत्रकाच्या आणि लेखी हुकमांच्या भरवशावर धावत. समोरची गाडी अमुक वाजता अमुक सायडिंगला थांबलेली असेल, हे धरून इकडची गाडी पुढे निघायची. 18 एप्रिल 1891 रोजी ओहायो राज्यातल्या किप्टनला दोन गाड्यांची टक्कर झाली. एका इंजिन ड्रायव्हरचं घड्याळ मधेच चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं, असं त्या अपघाताचं कारण सांगितलं जातं. त्यानंतर क्लीव्हलंडच्या वेब बॉल या जवाहिऱ्याकडे तपासणीचं काम आलं आणि रेल्वे घड्याळांचे कडक निकष तयार झाले. आठवड्यात 30 सेकंदांहून जास्त फरक नको, पाच वेगवेगळ्या स्थितींत तपासणी, उघडी तबकडी, ठळक आकडे. आठवड्यात 6,04,800 सेकंद असतात, हे लक्षात घेतलं की 30 सेकंदांची अट किती अवघड होती ते कळतं.

भारतात रेल्वे आली ती इंग्रजी पद्धतीची. पुढच्या स्टेशनानं तारेवरून ‘लाईन क्लिअर’ दिल्याशिवाय स्टेशन मास्तर गाडी सोडत नसे. ड्रायव्हरच्या हातात त्याचा लेखी परवाना पडे, किंवा नंतरच्या काळात टोकन यंत्रातून निघालेला गोळा. रुळावर दुसरी गाडी नाही याची खात्री घड्याळ देत नसे, तार देत असे. त्यामुळे इथं चार मिनिटांच्या चुकीनं टक्कर व्हायची नाही. ती चूक गार्डच्या जर्नलमध्ये उतरायची. प्रत्येक स्टेशनात गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, उशीर कुणामुळे झाला, इंजिनामुळे की स्टेशनामुळे, याचा हिशेब तिथं मांडला जाई. स्टेशनच्या रजिस्टरातही तीच वेळ. दोन्ही जुळल्या नाहीत तर खुलासा द्यावा लागे. आपल्याकडचं रेल्वे घड्याळ हे मुख्यतः साक्षीदार होतं.

साक्षीदारानं अचूक असावं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यानं हजर असावं. ते बंद पडता कामा नये. रात्री कंदिलाच्या उजेडात क्षणात वाचता यावं. मेमधली धूळ आणि आषाढातली दमट हवा त्याला सोसली पाहिजे. कंपनीला ते शेकड्यांनी विकत घेता यावं आणि बिघडलं तर जंक्शनच्या गावातल्या घड्याळजीलाही दुरुस्त करता यावं. दोन-चार सेकंदांचा फरक रोजच्या रोज निघून जाणारच होता, कारण चार वाजता तार यायची.

ती तार कुठून यायची, हेही पाहण्यासारखं आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा अंतर 34 किलोमीटर होतं. मुंबईची स्थानिक वेळ पुरेशी होती. 1870 मध्ये जी.आय.पी. रेल्वे जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाली आणि मुंबई-कलकत्ता सलग मार्ग तयार झाला. मग पेच पडला. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे, कलकत्त्याची 5 तास 53 मिनिटं पुढे. एकाच गाडीच्या दोन टोकांना तासाभराहून जास्त तफावत! मद्रासची वेळ, 5 तास 21 मिनिटं, बरोबर दोघांच्या मधे पडत होती आणि मद्रासला वेधशाळाही होती. म्हणून रेल्वेनं मद्रास वेळ घेतली. मद्रासच्या वेधशाळेतून रोज दुपारी चार वाजता तारेनं वेळेचा इशारा निघायचा. मुंबईकराच्या घरातलं घड्याळ मात्र रेल्वेपेक्षा अर्धा तास मागे असायचं. 1 जानेवारी 1906 पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईनं आपली वेळ हट्टानं सांभाळली. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं ‘मुंबई टाइम’ आणि ‘स्टँडर्ड टाइम’ असे दोन शब्द शहरात चालत होते, आणि त्यांच्यात 39 मिनिटांचं अंतर होतं. अशा शहरात गार्डच्या खिशातलं घड्याळ कोणती वेळ दाखवतं हे स्पष्ट असणं किती गरजेचं होतं!

स्विस लोकांना हा गोंधळ परका नव्हता. जिनिव्हातल्या एका जुन्या बुरुजावर एके काळी तीन घड्याळं शेजारी शेजारी होती: एक पॅरिसची वेळ दाखवणारं, एक जिनिव्हाची, एक बर्नची. 1894 मध्ये मध्य युरोपीय वेळ स्वीकारेपर्यंत स्वित्झर्लंड बर्नच्या वेळेवर चालत होता. शिवाय 1858 मध्ये न्यूशातेलला वेधशाळा उभी राहिली, ती मुख्यतः घड्याळ बनवणाऱ्यांसाठी. तिथून तारेनं ज्युरा पर्वतातल्या घड्याळांच्या गावांना रोज वेळ पाठवली जाई. म्हणजे ज्युरातल्या कारागिरानं आपलं घड्याळ न्यूशातेलच्या तारेवर लावायचं, आणि तेच घड्याळ समुद्र ओलांडून आल्यावर इथल्या गार्डनं मद्रासच्या तारेवर लावायचं. बनवणारा आणि वापरणारा, दोघांचा भरवसा तारेवर.

ज्युराच्या त्या डोंगराळ पट्ट्यात ल लोक्ल, ला शो-द-फों, सां-इमिए ही गावं आहेत. उंचावरची थंडी, सहा महिने बर्फ. शेतकरी हिवाळ्यात खिडकीपाशी बसून घड्याळाचे सुटे भाग बनवत. एका घरात दातेरी चक्रं, दुसऱ्या घरात तबकड्या, तिसऱ्या घरात काटे, आणि व्यापारी ते गोळा करून घड्याळ जुळवून घेई. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात या पद्धतीला जबर धक्का बसला. अमेरिकन कारखाने यंत्रांवर एकसारखे, अदलाबदल करता येणारे भाग बनवत होते. सां-इमिएतल्या लाँजीन कारखान्याचा अभियंता जाक दाव्हिद आपल्या सहकाऱ्यासह अमेरिकेत गेला, तिथले कारखाने बारकाईनं पाहून आला आणि त्यानं आपल्या लोकांना बजावलं की, बदला, नाहीतर संपाल. रेल्वे घड्याळांसाठी हा बदल फार मोलाचा ठरला. भाग एकसारखे नसतील तर मोडलेल्या चक्राच्या जागी दुसरं बसवायला प्रत्येक वेळी कानस हातात घ्यावी लागते. भाग एकसारखे असतील तर मुंबईहून टपालानं मागवलेलं चक्र भुसावळच्या घड्याळजीलाही बसवता येतं.

मुंबईत स्विस घड्याळवाले त्याआधीच येऊन पोचले होते. ल लोक्लच्या फावर-ल्यूबा घराण्याचं मूळ 1737 पर्यंत मागे जातं. त्या घराण्यातला फ्रिट्झ फावर दूरदूर फिरणारा माणूस होता आणि 1865 च्या सुमारास फावर-ल्यूबानं मुंबईत बस्तान बसवलं. चार वर्षांनी सुएझ कालवा उघडला आणि युरोपातून माल येण्याची वाट कितीतरी जवळ झाली. त्यानंतर आली ती वेस्ट एंड वॉच कंपनी. नाव लंडनच्या श्रीमंत भागाचं, घड्याळ सां-इमिएचं आणि बाजारपेठ हिंदुस्थानची. 1886 च्या सुमारास सुरू झालेली ही कंपनी मुंबई-कलकत्त्यात पेढ्या थाटून बसली आणि बघता बघता पलटणीत, पोस्टात आणि रेल्वेत तिचं नाव घरचं झालं. तिच्या घड्याळांतली बरीच यंत्रं लाँजीनच्या कारखान्यात तयार झालेली होती. ‘क्वीन ॲन’, ‘मॅचलेस’, ‘सेकंडस’ ही तिची नावं आजही जुन्या तबकड्यांवर वाचायला मिळतात. रेल्वेकडून मागणी आली की तबकडीवर किंवा मागच्या झाकणावर त्या रेल्वेची आद्याक्षरं आणि घड्याळाचा क्रमांक घातला जाई. घड्याळ रेल्वे कंपनीच्या मालकीचं. गार्डनं ते वापरायचं आणि सेवा संपली की परत करायचं.

असं घड्याळ हातात घेतलं की प्रत्येक गोष्टीमागचं कारण दिसायला लागतं. तबकडी पांढऱ्या मिन्याची. तांब्याच्या पातळ पत्र्यावर काचेची भुकटी भाजून केलेली ही तबकडी शंभर वर्षांनीही पिवळी पडत नाही. ऊन, घाम, दमटपणा तिला काही करत नाही. पडलं तर मात्र तिला केसासारखी चीर जाते. आकडे काळे आणि ठसठशीत, काटे जाड आणि बहुधा निळसर पोलादाचे. सेकंदाची वेगळी छोटी तबकडी सहाच्या आकड्यापाशी. कित्येक घड्याळांत बारा आकड्यांच्या आत 13 ते 24 असे लहान आकडेही असतात, कारण रेल्वेच्या हिशेबात रात्रीचे आठ म्हणजे वीस वाजणं. कवच चांदीचं असण्याची गरज नव्हती, निकेल पुरे. मागचं झाकण आटे फिरवून घट्ट बसणारं, म्हणजे धूळ आत जायला फट उरत नाही. खानदेश-विदर्भातून मे महिन्यात रेल्वेच्या उघड्या दारात उभं राहून प्रवास केलेल्याला त्या आट्यांचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

खरी लढाई मात्र उष्णतेशी होती. घड्याळजी ज्याला बॅलन्स म्हणतात ते चक्र एका बारीक हेअरस्प्रिंगच्या जोरावर पुढे-मागे झुलतं. जुन्या घड्याळात ते तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे दिवसाला 4,32,000. हेअरस्प्रिंग साध्या पोलादाची असेल तर उष्णतेनं तिचा ताठपणा कमी होतो, झोका मंदावतो आणि घड्याळ मागे पडतं. तापमान एका अंशानं वाढलं तर दिवसाला साधारण 10 ते 11 सेकंद. वीस अंशांचा फरक पडला तर साडेतीन मिनिटं! नागपूरसारख्या ठिकाणी पहाट आणि दुपार यांतच एवढं अंतर पडू शकतं. खिशात असलेल्या घड्याळाला निदान अंगाची एकसारखी ऊब मिळते. पण ड्रायव्हर भट्टीसमोर उभा राहणार, नंतर थंडीच्या रात्री विश्रांतीच्या रनिंग रूममध्ये तेच घड्याळ खुंटीवर टांगणार. त्याची दैना वेगळीच.

यावरचा जुना उपाय फार सुंदर आहे. बॅलन्सची कड दोन धातूंची करायची, आत पोलाद आणि बाहेर पितळ, आणि ती दोन जागी कापून टोकं मोकळी ठेवायची. उष्णतेनं पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे मोकळी टोकं आत वळतात, चक्राचं वजन केंद्राकडे सरकतं आणि चक्र पुन्हा वेग घेतं. नृत्यात गिरकी घेताना हात जवळ घेतले की गती वाढते, तसं. स्प्रिंग जेवढं मागे खेचते तेवढंच चक्र पुढे ढकलतं. पुढचं पाऊल उचललं शार्ल-एदुआर गियोमनं. तो ज्युरातल्याच फ्लरिए गावचा, घड्याळवाल्याच्या घरात जन्मलेला. 1896 मध्ये त्यानं लोखंड आणि निकेलचा असा मिश्रधातू शोधला की तो उष्णतेनं जवळजवळ वाढतच नाही. पुढे त्यानं उष्णतेनं ताठपणा न बदलणारा धातूही तयार केला, जो हेअरस्प्रिंगला उपयोगी पडला. 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्याला या कामासाठी मिळालं. त्या काळात आइन्स्टाइनचं नाव सगळीकडे गाजत होतं, त्यामुळे हा शोध कित्येकांना किरकोळ वाटला असेल. उन्हातान्हात नोकरी करणाऱ्या गार्डला विचारलं असतं तर त्याचं मत नक्की वेगळं पडलं असतं.

दुसरी अडचण हादऱ्यांची. बॅलन्सच्या दांड्याचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याएवढं बारीक असतं. घड्याळ दगडी फलाटावर पडलं की आधी तेच मोडतं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ला शो-द-फोंमध्ये ‘इंकाब्लॉक’ ही युक्ती निघाली. बॅलन्सचं टोक ज्या माणकात बसतं, ते माणिक वीणेच्या आकाराच्या इवल्याशा स्प्रिंगखाली ठेवायचं, म्हणजे धक्का बसला की ते किंचित सरकतं आणि पुन्हा जागेवर येतं. ती सर्वांत आधी वापरणाऱ्या घड्याळांत वेस्ट एंडचं ‘सोवार प्रायमा’ होतं. हे मनगटी घड्याळ. सोवार म्हणजे आपला स्वार, घोडेस्वार. ज्युरातल्या गावानं आपल्या उत्तम घड्याळाला आपल्याकडच्या पलटणीतला शब्द द्यावा, यावरून त्यांचं गिऱ्हाईक कुठे होतं ते कळतं.

घोडेस्वाराप्रमाणे आगगाडीचं इंजिनही घड्याळांवर चढलं, आणि इथं सावध राहायला हवं. 1867 मध्ये जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ यानं गरिबाला परवडेल असं 20 फ्रँकांचं घड्याळ बनवलं. त्यात फक्त 57 भाग होते. मजूर, शेतकरी, शिपाई यांच्या खिशात घड्याळ पोचवणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. पण त्याच्या कल्पनेच्या स्वस्त नकला लाखोंनी निघाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच घड्याळांच्या झाकणावर धूर सोडणारं इंजिन आणि तबकडीवर ‘रेग्युलेटर’ किंवा ‘रेल्वे टाइमकीपर’ असे शब्द छापलेले असत. ती रेल्वेनं घेतलेली घड्याळं नव्हेत. रेल्वेच्या अचूकपणाचा लोकांच्या मनावर एवढा पगडा होता की, इंजिनाचं चित्र हीच हमी ठरली. आज जुन्या बाजारात अशा घड्याळांचे, आणि धातूच्या तबकडीवर नव्यानं रेल्वेची अक्षरं रंगवलेल्या घड्याळांचेही, भरमसाट पैसे मागितले जातात. भाजलेल्या मिन्यातली अक्षरं आणि झाकणावर ठोकलेला क्रमांक यांवर जास्त विश्वास ठेवावा.

इंजिनाचं चित्र असूनही खरोखर रेल्वेशी जोडलेलं एक घड्याळ आशियाच्या दुसऱ्या टोकाला सापडतं. इस्तंबूलच्या सेर्किसोफ पेढीनं स्वित्झर्लंडहून आणवलेली खिशातली घड्याळं तुर्कस्तानच्या रेल्वे कामगारांत इतकी रुळली की तिथं ‘सेर्किसोफ’ म्हटलं की आगगाडीचं घड्याळच डोळ्यांपुढे येतं. उस्मानी साम्राज्यातली वेळेची अडचण आपल्यापेक्षाही चमत्कारिक होती. तिथं सूर्यास्ताला बारा वाजत. सूर्यास्त रोज हलतो, म्हणून घड्याळही रोज हलवावं लागे. दमास्कसहून मदिनेपर्यंतचा सुमारे 1,300 किलोमीटरचा हिजाझ मार्ग 1908 मध्ये पुरा झाला, त्या काळात लोकांचं आयुष्य सूर्यास्तावर आणि युरोपशी व्यवहार मध्यान्हीवर, असं दुहेरी चाललं होतं. त्या बाजारपेठेसाठी स्विस कारखान्यांनी अरबी वळणाचे आकडे असलेल्या तबकड्या घडवल्या. 1925 च्या अखेरीस तुर्कस्तानच्या प्रजासत्ताकानं कायदा करून 24 तासांची आंतरराष्ट्रीय वेळ घेतली.

जपाननं स्विस लोकांना आपला रेल्वेबाजार फार काळ दिला नाही. 1872 मध्ये तिथं पहिली आगगाडी धावली, पुढची काही दशकं परदेशी घड्याळांवर काम चाललं. पण 1929 मध्ये सेकोशा कारखान्याचं ‘19’ हे खिशातलं घड्याळ सरकारी रेल्वेसाठी मान्य झालं. 19 हा आकडा मापाचा, सुमारे 43 मिलिमीटर व्यासाच्या यंत्राचा. आजही जपानी मोटरमनच्या समोर घड्याळ ठेवायला खास खोबण असते आणि तो आपलं घड्याळ त्यात ठेवूनच गाडी हाकतो.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर परकीय चलन जपून वापरायचं होतं, त्यामुळे आयातीवर बंधनं आली आणि स्विस माल आटत गेला. 1961 मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना सुरू झाला. पुढे क्वार्ट्झ आलं आणि किल्ली देण्याची सवयच गेली. जुनी घड्याळं निवृत्तांच्या कपाटांत, जुन्या बाजारात आणि संग्राहकांकडे पोचली.

असं एखादं घड्याळ मिळालं तर मागचं झाकण फिरवून उघडा आणि भिंग लावून आतली बाजू पाहा. कारखान्याची मुद्रा आणि क्रमांक दिसेलच. त्याच्या आजूबाजूला सुईनं ओरखडलेल्या बारीक खुणा असतात: एखादी तारीख, दोन अक्षरं, एखादा आकडा. घड्याळ साफ करून तेल घातलं की घड्याळजी आपली खूण तिथं करून ठेवत असे, म्हणजे पुढच्या वेळी हे आपल्याच हातून गेलं होतं ते कळावं. काही झाकणांवर अशा सात-आठ खुणा असतात, वेगवेगळ्या हातांच्या.